गुरुवारचे अठ्ठावीस तास

बुधवारी दुपारी कँटीनमध्ये पगारबाईंनी त्याच्या ताटाशेजारी चाचणीच्या वहीच्या पानाची झेरॉक्स असलेला एक कागद ठेवला, त्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "ही सही तुमचीच ना, डॉक्टर?" सही त्याचीच होती. पहिलं अक्षर ठसठशीत, पुढची दोन घाईत गिळलेली, आणि शेवटची रेघ खाली ओढून एकदम सोडून दिलेली. तीस वर्षांत तिच्यात फरक पडला नव्हता. तिच्या डाव्या बाजूला तारीख होती, तीही त्याच्याच अक्षरात. तारीख गुरुवारची होती, आणि गुरुवारी कारखाना बंद असतो. तोंडातला घास चावावा की गिळावा हे त्याला सुचेना. "माझीच," घास गालात सारून तो म्हणाला. "जेवा आधी," पगारबाई म्हणाल्या, "सही काही पळून जात नाही." त्या आपल्या टेबलाकडे निघून गेल्या. रस्त्यात पुढे चाललेला पाठमोरा माणूस ओळखीचा वाटावा आणि जवळ जाऊन पाहिल्यावर तो आपणच निघावा, तसं त्याला झालं. पलीकडच्या बाकावर कुणीतरी हसत होतं, चमचे वाजत होते, नळ वाहत होता, आणि या सगळ्या आवाजांच्या मधोमध तो कागद शांत पडला होता.

कारखाना पंपांचा होता. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारे, काखेत मारून नेता येतील एवढे लहान पंप. माणसं बासष्ट. ओतीव भाग बाहेरून येत. इथे त्यांचं कातकाम, जोडणी आणि रंग होई, आणि सगळ्यात शेवटी ऐकणं. ऐकणं हे त्याचं काम. जोडून झालेला पंप त्याच्या खोलीतल्या चौथऱ्यावर चढे. तो पंप चालू करी, हातभर लांबीच्या पोलादी सळईचं एक टोक पंपाच्या अंगाला लावी आणि दुसरं कानाला. बेअरिंग कोरडं असेल तर ते बारीक शीळ घालतं. आतलं पातं घासत असेल तर घशात काहीतरी अडकल्यासारखी खरखर येते. सगळं ठीक असेल तर पोटभर जेवून पडलेल्या माणसासारखा एकच संथ स्वर. अशी पाच मिनिटं ऐकून तो पंप पास करी किंवा त्यावर तांबड्या खडूने फुली मारी. म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणत. "डॉक्टर, जरा आमच्या सासूबाईंना सळई लावून बघा, दिवसभर खरखर चालू असते," हा पंप जोडणाऱ्या जुळाऱ्याचा विनोद पंधरा वर्षांचा झाला होता आणि अजून महिन्यातून एकदा कामावर येत होता. या जुळाऱ्याला त्याच्या उंचीमुळे लांब्या म्हणत. ऐकून झालेल्या प्रत्येक पंपाचा नंबर, निकाल, तारीख, पंप थांबल्याची वेळ आणि सही चाचणीच्या वहीत लिहायची. ती वही तो सोडून कुणी उघडत नसे. निदान त्याची तशी समजूत होती.

दोन महिन्यांपूर्वी पंपांची मागणी अचानक बसली. मालकाने माणसं काढली नाहीत, तास काढले. आठवड्याचे पाच दिवस होते ते तीन केले, आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी भरपाई निधीकडे अर्ज केला. ते सगळं समजावून सांगायला पगारबाईंनी लोकांना कँटीनमध्ये बसवलं होतं. त्यांना खरं नाव होतं, पण वीस वर्षं पगार करून ते झिजून गेलं होतं. त्यांनी टेबलावर पाच पेले ओळीने मांडले आणि पाण्याचा जग हातात घेतला. "हे तुमचे पाच दिवस," त्या म्हणाल्या. "सोमवार, मंगळवार, बुधवार. तुम्ही काम करणार, कंपनी काठोकाठ भरणार." तीन पेले भरले. "गुरुवार, शुक्रवार. काम नाही, म्हणून कंपनी भरणार नाही. इथे निधी येतो. रिकाम्या पेल्याचे पाच भाग करायचे, त्यातले तीन भाग निधी भरतो. ज्यांची मुलं शिकतायत त्यांना जरासं अधिक. आणि हा निधी आभाळातून पडत नाही बरं का. दर महिन्याला तुमच्या पगारातून जो थेंब कापला जातो ना, ज्याच्यावरून तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडता, तोच तिथे साठतो. तेव्हा मान खाली घालून घ्यायचं काही कारण नाही." लांब्याने मागून विचारलं, "बाई, वरचे दोन भाग कोण प्यालं?" "मंदी प्याली." "मग तिलाही कार्ड काढून द्या. आमच्यापेक्षा वेळेवर येते." लोक हसले. पगारबाईही हसल्या, पण जग खाली ठेवला नाही. "हिशेब करा. तीन भरलेले, आणि दोघांत मिळून एक पेला न् वर एक घोट. म्हणजे पाच दिवसांच्या पगारातले चार दिवस आणि एक घोट हातात पडतो. कुणी उपाशी राहत नाही, कुणाची नोकरी जात नाही. आता मुख्य गोष्ट, सगळ्यांनी नीट ऐका. पेला रिकामा असेल तरच निधी त्यात ओततो. बुडालेला तास खरोखर बुडालेला पाहिजे. त्या दिवशी कुणी आत येऊन काम केलं आणि आपण तो तास बुडाला म्हणून पैसे घेतले, तर ती चोरी. मग गुरुवारी झाडू मारायलासुद्धा यायचं नाही. आणि चालू दिवशीही जादा थांबायचं नाही. काम नाही म्हणून पैसे मागायचे आणि संध्याकाळी उशिरापर्यंत बसायचं, असं चालत नाही. साडेचारला कार्ड, चार एकतीसला रस्ता." पगारबाईंचा आवाज जाड, तळातून येणारा. असे आवाज त्याला छान ऐकू येत. त्या दिवशीचा एकही शब्द त्याच्याकडून निसटला नव्हता, आणि आता जेवणाच्या ताटासमोर बसून त्याला त्याचंच वाईट वाटलं. ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय उरली नव्हती.

पहिल्या गुरुवारी सकाळी तो घरीच होता. बायको पडदे शिवून देत असे. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर, दोन खुर्च्यांवर आणि पलंगावर कापड पसरलेलं होतं आणि मशीन चालू होतं. मुलगी कॉलेजला गेली होती. त्याला कळलं की घराला आठवड्यातल्या मधल्या दिवसांचं स्वतःचं वेळापत्रक आहे, आणि त्यात त्याच्या नावाची जागा नाही. अकरा वाजता भिंतीवर उन्हाची एक पट्टी येते, कपाटापर्यंत सरकते आणि बारा वाजता जाते. वीस वर्षं ती येत-जात होती, ही दोघांची पहिली भेट. "अहो, जरा उठता का, तुमच्या खाली कापड आहे," बायको म्हणाली. तो उठला, दुसरीकडे बसला, तर तिथेही कापड होतं. त्याला वडील आठवले. तो नऊ वर्षांचा असताना वडिलांचा कारखाना अकरा महिने बंद होता, आणि तेव्हा पेले भरायला कुणी येत नसे. वडील घरात असले की आई पोरांना हळू बोलायला सांगायची, जसं काही घरात कुणी अंथरुणाला खिळलंय. वडिलांनी पहिल्या महिन्यात घरातलं जे जे मोडकं होतं ते दुरुस्त केलं. दुसऱ्या महिन्यात जे मोडकं नव्हतं ते. मग ते दाराच्या मागे लागले. दार थोडं घासतं म्हणून त्यांनी ते काढून रंधलं, बसवलं, पुन्हा काढलं, पुन्हा रंधलं. रोज जमिनीवर लाकडाच्या पांढऱ्या सालींचा ढीग पडे आणि तो धाकट्या बहिणीबरोबर त्या बोटांत घालून अंगठ्या करी. शेवटी दाराखाली चार बोटांची फट झाली. थंडीच्या दिवसांत तिथून वारा आत येई आणि आई तिथे जुनी गोधडी गुंडाळून लावी. वडिलांना कुणी काही बोललं नाही. माणूस रिकामा बसला की तो आपलंच घर कुरतडतो, एवढं मात्र त्याच्या डोक्यात त्या फटीतून शिरून बसलं.

म्हणून घरी करमेना आणि तो कारखान्यात गेला, असं कुणाला सांगितलं असतं तर पटलं असतं. त्याला स्वतःलाही ते पटवून घ्यायला आवडलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की आदल्या दिवशी, बुधवारी साडेचार वाजता त्याच्या खोलीत नऊ पंप ऐकायचे राहिले होते, आणि सोमवारी सकाळी माल न्यायला गाडी येणार होती. आणि ते राहिले होते, कारण त्याला शीळ ऐकू येत नव्हती.

हे कधी सुरू झालं ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. तीन वर्षं तरी झाली असतील. कान एकदम जात नाहीत. ते वरच्या मजल्यापासून एकेक खोली रिकामी करत खाली येतात. पहिल्यांदा हातातल्या घड्याळाचा गजर गेला. त्याला वाटलं घड्याळ बिघडलं, त्याने ते दुकानात नेलं, आणि दुकानदाराने त्याच्यासमोर गजर लावून "चालू आहे की" म्हटलं तेव्हा तो "हो, आता चालू झालं" म्हणून घरी आला. मग एका दुपारी तो सळई कानाला लावून उभा होता, पंप एका संथ स्वरात चालला होता, आणि पास असं लिहायला त्याने वही ओढली होती. तेवढ्यात लांब्या दारातून डोकावला आणि एका कानावर हात ठेवून ओरडला, "काय किंचाळतंय हो डॉक्टर हे! जीव घ्या त्याचा नाहीतर तेल घाला." त्याने हसून फुली मारली. लांब्या गेला. मग त्याने खोलीचं दार लावलं, पंप पुन्हा चालू केला आणि सळई कानात रुतेपर्यंत दाबली. तोच संथ स्वर. पोटभर जेवलेला, निरागस, खोटारडा पंप. आदल्या दिवशीचे, त्याच्याही आदल्या दिवशीचे पंप त्याला आठवू लागले. मग त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. सळईचं टोक पुढच्या दातांत धरलं. सुरुवातीला काहीच नाही. मग हिरडीच्या मुळाशी मुंग्या चालाव्यात तशी एक थरथर, इतकी बारीक की श्वास घेतला तरी पुसली जाई. ती शीळ होती. पुढे महिनाभर त्याने पास झालेले आणि फुली मारलेले पंप आलटून पालटून दातांनी पाहिले, बोटांच्या शेंड्यांनी पाहिले, अंगठ्याचं नख टेकवून पाहिले, आणि स्वतःला नव्याने शिकवलं. शिकता आलं. एकही वाईट पंप त्याच्या हातून बाहेर गेला नाही. तक्रारींचा फळा कोराच राहिला. फरक एवढाच की पाच मिनिटांचं काम पंधरा मिनिटांवर गेलं. पाच दिवसांच्या आठवड्यात ते खपून जाई. सकाळी लवकर यायचं, जेवण दहा मिनिटांत उरकायचं, संध्याकाळी सगळे गेल्यावर दार लावून थांबायचं. लोक म्हणत, डॉक्टर कामाला वाघ आहे. मग तास कमी झाले, साडेचारला कार्ड आणि चार एकतीसला रस्ता, आणि वाघाला लपायला गवत उरलं नाही.

तो त्या पहिल्या गुरुवारी जेवणानंतर निघाला. मागच्या लहान दारावरच्या वॉचमनला म्हणाला, "डबा राहिला आत." वॉचमनने दार उघडलं. चार तासांनी तो बाहेर आला तेव्हा वॉचमन म्हणाला, "सापडला का डबा? की आत जेवूनच आलात?" दोघे हसले. पुढच्या गुरुवारी वॉचमनने काही विचारलं नाही, तिसऱ्या गुरुवारी चहाचा दुसरा पेला तयार ठेवला. बंद कारखान्यात ऐकायला बरं होतं. कातयंत्रं मुकी उभी, छताच्या काचांतून पडणारं ऊन धुळीने जाड झालेलं, आणि सगळ्या इमारतीत एकटा त्याचा पंप चालू. दार लावायची गरज नसे. तो दातांत सळई धरून, डोळे मिटून, चौथऱ्यावर वाकून उभा राही. कुणी पाहिलं असतं तर पंपाला मुजरा करतोय असं वाटलं असतं. असे सात गुरुवार झाले. प्रत्येक गुरुवारी चार तास. आणि प्रत्येक पंप ऐकून झाला की तो वहीत नंबर लिही आणि शेजारी त्या दिवसाची खरी तारीख टाकी. चोरून येणाऱ्याने आपल्या येण्याची नोंद आपल्याच हाताने करावी हा शुद्ध वेडेपणा होता, आणि गंमत म्हणजे ते त्याच्या एकदाही ध्यानात आलं नाही. त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं: "तारीख म्हणजे पंपाची जन्मवेळ. ती चुकवलीस तर पुढे त्याचं दुखणं कुणाला उकलायचं नाही." वॉचमनशी खोटं बोलता आलं, बायकोशी बोलता आलं, स्वतःशी तर तीन वर्षं. वहीशी खोटं बोलायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

ताट धुऊन तो पगारबाईंच्या टेबलाशी गेला तेव्हा फोरमन तिथे बसला होता. फोरमन त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नाही, पण संकट आलं की मान खाजवायचा. आता त्याची मान लाल झाली होती. "सोमवारी निधीची तपासणी आहे," पगारबाई म्हणाल्या. "हजेरी आणि कामाच्या वह्या ताडून बघतात. म्हणून मी आधी आपणच ताडून बघितलं. सात गुरुवार आहेत, डॉक्टर." "अठ्ठावीस तास," तो म्हणाला. त्याने आकडा इतका चटकन सांगितला की फोरमनने मान खाजवायचं थांबवलं. "अहो, पण का आलात?" "घरी करमेना." "करमेना? मला नाही करमत तर मी सिनेमाला जातो! बासष्ट लोकांचे पैसे आहेत हे." पगारबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि पेल्यांच्या दिवशी जशा बोलल्या होत्या तशाच बोलू लागल्या, एकेक पायरी खाली उतरत. "हे बघा. तुम्हाला कंपनीने बोलावलं असेल, तर कंपनी बंद दिवशी लपून काम करून घेते असा अर्थ होतो. मग मंजुरी पहिल्या दिवसापासून रद्द. सगळ्यांनी दोन महिन्यांचे पैसे परत करायचे. आणि तुम्ही आपले आपण आला असाल, तर फक्त तुमचे अठ्ठावीस तास दुरुस्त करायचे. ते बुडाले नाहीत, काम झालंय. निधीचे तेवढे पैसे परत, आणि कंपनी त्या तासांचा पुरा पगार देईल. बाकी कुणाला धक्का नाही." "मला कुणी बोलावलं नाही." "मला ठाऊक आहे. पण तपासणीच्या मॅडम विचारतील, फुकट कामाला कोण येतं? मी काय सांगू?" खरं कारण सांगितलं असतं तर प्रश्न सुटला असता, आणि त्याचं काम गेलं असतं. ऐकू न येणारा डॉक्टर. लांब्याला पुढची पंधरा वर्षं पुरेल. मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती. फोरमनने कपाटातून एक कोरी वही काढली आणि त्याच्यापुढे सरकवली. "उद्या-परवा घरीच आहात ना? उतरून काढा. गुरुवारचे सगळे बुधवारात घाला. जुनी माझ्याकडे द्या, मी बघतो तिचं." पगारबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती.

गुरुवारी सकाळी तो दोन्ही वह्या घेऊन टेबलाशी बसला. बायकोने काही न विचारता कापड आवरून त्याला अर्धं टेबल दिलं. पहिली तीन पानं भरभर उतरली. चौथ्या पानावर त्याला अडचण कळली. बुधवार आधीच भरलेला होता: पंधरा-पंधरा मिनिटांनी एकेक पंप, सकाळपासून साडेचारपर्यंत. त्यात गुरुवारचे पंप घुसवायचे तर वेळा आवळायला हव्यात. त्याने आवळल्या. नऊ वाजता, नऊ पाचला, नऊ दहाला. पेन थांबलं. कोऱ्या वहीत एक जुना माणूस उभा राहिला होता. पाच मिनिटांत एक पंप, सळई कानाला, डोळे उघडे, दारात उभ्या असलेल्याशी गप्पा मारत. खोट्या वहीत त्याचे कान बरे झाले होते. त्याला तो माणूस इतका आवडला की त्याने आणखी एक पान लिहिलं. हात हलका चालत होता. असंच पुढे लिहीत गेलं तर सोमवारपर्यंत तीन वर्षं मागे जाता येईल, आणि मग? मग बुधवारी साडेचार वाजता पुन्हा नऊ पंप उरतील. सोमवारी गाडी येईल. वहीतला तो माणूस काही ते ऐकायला यायचा नाही.

"किती वेळ लिहिताय," बायको मशीन थांबवून म्हणाली. "काय आहे ते?" त्याने सांगितलं. म्हणजे गुरुवारचं सांगितलं, निधीचं सांगितलं, का गेलो ते सोडून सगळं. ती टाचण्या डबीत टाकत ऐकत होती. "आणि कानाचं सांगितलंत का त्यांना?" तिने विचारलं. त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "कसलं कानाचं?" "अहो, फ्रीजचं दार उघडं राहिलं की तो बोंबलतो. तुम्ही त्याच्याशेजारी उभं राहून निवांत पाणी पीत असता. दोन वर्षं मी मागून येऊन दार लावतेय." "मग बोलली का नाहीस?" "तुम्हाला तर माणसाच्या पोटातलं ऐकू येतं म्हणून जगभर नाव! मी म्हटलं, ज्याचं त्याला कळलं असेल, सांगायचं तेव्हा सांगेल." ती पुन्हा मशीनकडे वळली. "पोरीलाही माहीत आहे. ती तुमच्याशी जाड आवाजात बोलते, लक्षात नाही आलं?" ते लक्षात आलं होतं. त्याला वाटलं होतं मुलगी मोठी झाली. मशीन सुरू झालं. तो बराच वेळ कापडाच्या कडेवरून धावणाऱ्या सुईकडे बघत बसला. त्याला लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण तिच्याबरोबर पायातला बूट काढल्यावर वाटतं तसलंही काहीतरी वाटलं. दोन माणसांत तो इतकी वर्षं उघडाच वावरत होता आणि छप्पर कोसळलं नव्हतं. मात्र घर वेगळं, कारखाना वेगळा. घरात पंप पास करायचे नसतात. उरलेली पानं त्याने उतरून काढली नाहीत. का, असं त्याने स्वतःला विचारलं नाही. सोमवारी कोणती वही काढायची हेही ठरवलं नाही. दोन्ही पिशवीत ठेवल्या.

सोमवारी आलेल्या तपासणीच्या मॅडम तिशीच्या होत्या, सर्दी झालेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी चहा नको म्हटलं आणि गरम पाणी मागितलं. पगारबाईंनी हजेरी पुढे ठेवली. मॅडमनी चाचणीची वही मागितली. फोरमन त्याच्याकडे बघत होता. त्याने पिशवीत हात घातला. बोटांना दोन्ही वह्या लागल्या, एक गुळगुळीत, एक कोपरे झिजून मऊ पडलेली. त्याने मऊ काढली. मॅडमनी शांतपणे पानं उलटली, सात ठिकाणी कागदाचे कपटे घातले आणि नाक पुसून विचारलं, "तुम्हाला कोणी बोलावलं होतं?" "कुणी नाही. मी आपणहून आलो." "पगार?" "नाही." "मग का आलात?" "काम राहिलं होतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "हे बघा काका, मी खूप कारखाने पाहिलेत. काम राहिलं म्हणून फुकट कोणी येत नाही. कुणीतरी तोंडी सांगतं, जरा येऊन जा म्हणून. कागदावर काही नसतं. तुम्ही कुणाला वाचवताय ते मला कळतंय, पण मला हे असं लिहून घेता येणार नाही." फोरमनची मान पेटली. पगारबाईंनी डोळे मिटले. दाराबाहेर लांब्या आणि आणखी दोघे काम असल्याचं दाखवत उभे होते. त्याला त्या सगळ्यांचे पेले दिसले, ओळीने, बासष्ट गुणिले पाच, आणि कुणीतरी टेबलाला धक्का देतंय. "चला माझ्या खोलीत," वही उचलून तो म्हणाला.

खोलीत चार माणसं शिरली की पाचव्याला दारातच थांबावं लागे. लांब्या दारात थांबला. फळीवर सकाळीच फुली मारलेला एक पंप होता. त्याने तो चौथऱ्यावर चढवला, पकडीत आवळला, बटण दाबलं. मॅडमचा हात झटकन कानावर गेला. फोरमनने दात आवळले. लांब्या म्हणाला, "आई गं." त्याने सळई पंपाला लावली, दुसरं टोक कानाला, आणि सगळ्यांकडे बघत शांत उभा राहिला. "मला हा पंप ठीक वाटतो," तो म्हणाला. "एकच स्वर आहे. संथ." फोरमनने पंपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तीन वर्षं झाली. खालचं सगळं ऐकू येतं, वरचं गेलं. वाईट पंप तेवढे वरूनच ओरडतात." मग त्याने सळई कानापासून काढली आणि त्या सगळ्यांसमोर दातांत धरली. डोळे मिटावे लागले. त्याशिवाय कळत नसे. मुंग्या आल्या. त्याने सळई काढून ओठ पुसले. "असं कळतं. चुकत नाही, वही बघा, तक्रारी बघा. पण पाचाऐवजी पंधरा मिनिटं लागतात. दिवसाला पंचवीस पंप येतात. पाच मिनिटांचे दोन तासांत होतात. पंधराचे सव्वासहा तास. त्यात नोंद, बांधणी, फुलीवाले परत करणं. साडेचारला उरतात ते गुरुवारी. कुणी बोलावलं नाही हो. बोलावलं असतं तर काम का राहिलं तेही विचारलं असतं."

मॅडमनी भिंतीला आपली वही टेकवून लिहायला सुरुवात केली. पंप ओरडतच असावा, कारण त्यांचा एक खांदा कानापर्यंत वर चढलेला होता. "किती तास म्हणालात?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "अठ्ठावीस." "एका माणसाचे. दुरुस्ती म्हणून लावते." पगारबाईंनी सोडलेला श्वास त्याला ऐकू आला नाही, दिसला. "म्हणजे डॉक्टर," त्या त्यांच्या जाड आवाजात म्हणाल्या, "निधीचे तीन भाग परत, कंपनीचे पाच जमा. खरं बोलल्याचे वर दोन भाग मिळाले तुम्हाला. असलं मी वीस वर्षांत पहिल्यांदा करतेय." कुणी हसावं अशी त्यांचीही अपेक्षा नव्हती. फोरमन काहीतरी बोलायला पुढे झाला, थांबला, आणि मान न खाजवता म्हणाला, "उद्या बसू आपण. काय करायचं ते बघू." त्यातून काय निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं. दारातून लांब्या त्याच्याकडे बघत होता. त्याने विनोदाची वाट पाहिली. लांब्याने नुसती आपली लांब मान हलवली.

त्याने हात पुढे करून बटण बंद केलं. मोटर मंदावली, खालचा स्वर सैल पडत पडत विरला, आणि खोली त्याच्यापुरती गप्प झाली. पण कोरडं बेअरिंग बटणाचं ऐकत नाही हे त्याला जुन्या दिवसांपासून माहीत होतं. ते फिरायचं थांबेपर्यंत शीळ मागे रेंगाळत राहते. मॅडमचा खांदा अजून वर होता. त्याने चाचणीची वही ओढली, नंबर लिहिला, तारीख लिहिली, आणि वेळेच्या रकान्यात पेन टेकवून चौघांच्या तोंडांकडे पाहिलं.

"थांबली की सांगा," तो म्हणाला.